टेकायला भिंत

केरूने भिंतीला डोकं टेकलं की त्याच्या सुनेच्या, मालूच्या, डोक्यात सणक जायची. म्हातारा सकाळी आंघोळ उरकून ओंजळभर खोबरेल टाळक्यावर थापायचा, हॉलमध्ये भिंतीशी फतकल मारायचा आणि मान मागे टाकून खिडकीबाहेर बघत बसायचा. पेणच्या रामवाडीतल्या त्या भाड्याच्या घराच्या फिकट पिस्ता रंगावर त्याच्या डोक्याएवढा काळपट, तेलकट डाग पडला होता. दारातून आत आलं की आधी डाग दिसायचा, मग माणसं.

पद्मजाबाईंनाही आधी डागच दिसला होता. पद्मजाबाई म्हणजे मालकीणबाई. शाळेतून निवृत्त होऊन खालच्या मजल्यावर राहायच्या, पण भाडेकरू म्हणजे चौथीचा वर्ग हे काही त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. खिळा ठोकायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, भिंतीला पाय लावायचा नाही. करार संपत आला होता. डागाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "रविवारी येऊन बघीन. हा गेला तर पुढचा करार. नाही तर दुसरं घर शोध." वर धडाही दिला. "ओल्या फडक्याने खसाखसा घासू नकोस, डिस्टेंपर आहे. आधी डागावर पावडर लावून तेल शोषून घे. मग मऊ फडका साबणाच्या पाण्यातून घट्ट पिळायचा आणि नुसतं टिपायचं. तेसुद्धा आधी कपाटामागे करून बघ. कळलं?"

कळायला मालू काही बिनडोक नव्हती. बाईंच्या बोलण्याचा तिला राग आला, पण गरज तिची होती. ती पेणच्या एका दवाखान्यात आया होती. नवरा गुणाजी रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि घरी आला की झोपायचा किंवा झोपल्याचं सोंग घ्यायचा. हे घर गेलं तर दुसरं मिळत नव्हतं, तिने चौकशी करून पाहिली होती. म्हणजे परत सासरच्या गावी, गागोद्याला. आणि गागोद्याहून निघून सकाळच्या ड्यूटीला पोचणं होणार नव्हतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिचं स्वतःचं असं काही हाताला लागलं होतं, आणि ते या म्हाताऱ्याच्या टाळक्यापायी जाणार होतं.

म्हातारा आला होता मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. डोळा बरा झाला, तो काही गेला नाही. उलट बऱ्या झालेल्या डोळ्याने त्याला सुनेच्या चुका जास्त दिसायला लागल्या. भात मऊ झाला, कालवण पाणचट झालं. दवाखान्याच्या कामावर तर त्याचा विशेष लोभ. "लोकांची घाण उचलाया पेणला आलीस काय गो?" असं तो आल्यागेल्यासमोर विचारायचा.

मालूने त्याला हॉलच्या मधोमध चटई टाकून दिली. "मामा, आता हितं बसायचं. भितीला टेकायचं नाय."

"मधी बसून टेकू कशाला? आभाळाला?"

"नका टेकू. ताठ बसा."

"जल्मभर वाकून लावणी केली, आता ताठ बस म्हनते," म्हातारा पुटपुटला. पण बसला. दोन्ही हात मागे रोवून, कण्हत, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने.

मालूने बाईंचा धडा तंतोतंत गिरवला. पावडर लावली, झटकली, फडका पिळून टिपून घेतलं. रोज ड्यूटीवरून आली की साडी खोचून भिंतीपुढे. डाग खरंच फिका पडत चालला. शनिवारी सकाळी नीट बघितल्याशिवाय तो दिसेनासा झाला होता. मालू त्या दिवशी हसत कामाला गेली.

दुपारी परत आली तर म्हातारा भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होता. तिने त्याला गदागदा हलवून उठवलं. मागे ताजा, चकचकीत डाग.

"पाठ धरली गो. जरा टेकलो, तवर डोला लागला."

मालूने मोरीतून भांड्यांची घासणी आणली, साबणात बुडवली आणि सगळी चीड भिंतीवर काढली. त्याच्या तेलावर, त्याच्या घोरण्यावर, त्या पाणचट कालवणाच्या टोमण्यांवर ती घासत सुटली.

"हलू, हलू," म्हातारा म्हणाला. "भित हाय ती, टोप नाय."

"तुमी बोलू नका!"

ती थांबली तेव्हा हातावरून पिस्ता रंगाचं पाणी ओघळत होतं. डाग गेला होता. रंगही गेला होता. मागची पांढरी पुट्टी पाटाएवढी उघडी पडली होती, आणि तिच्या मधोमध घासणीचे ओरखडे. मालू तिथेच खाली बसली. संपलं सगळं. तिला रडूसुद्धा येईना, इतका संताप आला होता, आणि आता तो कुणावर काढावा हेही कळेना.

रविवारी पद्मजाबाईंची चप्पल जिन्यात वाजली. मालू दार उघडायला वळली, तेवढ्यात चटईवरचा म्हातारा सरपटत मागे सरकला आणि त्या पांढऱ्या भागाला पाठ लावून, डोकं टेकून बसला. गुडघे पसरून, वर खांद्यावर टॉवेल टाकून.

"आजोबा, उठा. भिंत बघायची आहे."

"गुडघा धरलाय, बाय. नाय उठवत."

"बघ, बघ!" बाई मालूकडे वळल्या. "परत टेकलेत! इतकं शिकवून काय उपयोग?"

"तिला नका बोलू," केरू म्हणाला. "ती रोज घासते, मीच पुना घान करतो. माजाच डाग हाय. मी नाय ऐकत तिचं."

जन्मात हा माणूस मालूच्या बाजूने एक शब्द बोलला नव्हता.

पद्मजाबाईंनी क्षणभर विचार केला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो आणखीच वाईट वाटला. "तू कामसू आहेस, मालू. तुझी तक्रार नाही माझी. यांना गावी पाठव. हे गेले की मी रंग देऊन घेते आणि करार करू. अशी अडाणी, तेलकट माणसं चांगल्या घरात ठेवायची नसतात गं."

मालूने हेच शब्द मनात कितीदा म्हटले होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मात्र तिची कानशिलं तापली. म्हाताऱ्याने मान खाली घातली होती.

"जाईन की," तो म्हणाला. "उद्याच्या एश्टीनं जातो."

नुसतं गप्प राहायचं होतं. घर राहणार होतं, नोकरी राहणार होती, म्हातारा जाणार होता.

पण मालू म्हणाली, "मामा, सरका."

"गो, बसू दे."

"सरका म्हनते ना!" तिने त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. पांढरा, ओरखडलेला भाग बाईंच्या डोळ्यांसमोर आला. "हा त्यांचा नाय. हा मी केलाय, घासणीनं. आनि माजा सासरा कुठं जानार नाय."

"महिनाअखेर घर मोकळं करायचं," पद्मजाबाई म्हणाल्या आणि चप्पल आपटत खाली गेल्या.

मालूने धाडकन दार लावलं. ती म्हाताऱ्यावर उसळली. "कुनी सांगितलंवतं मधी पडाया? गेलं ना घर! माजी नोकरी गेली! तुमी आलात तवाच गेली!"

केरू चटईच्या मधोमध सरकून बसला. ताठ. हात मागे रोवून. मालूने त्याच्याकडे बघितलं. त्याचे दंड थरथरत होते.

"टेका आता," ती खेकसली. "त्या बाईची कुठली भित ऱ्हायली असंल, तर तितं पन टेका."

म्हातारा हलेना. तेव्हा मालूने खिडकीतली तेलाची बाटली घेतली, भरपूर तेल हातावर ओतून आपल्या केसांना चोपडलं, आणि समोरच्या कोऱ्या, पिस्ता रंगाच्या भिंतीला पाठ लावून तिने डोकं मागे टाकलं.