गुरुवारची अर्धी रजा

“अंदाजाने लिहू? सरकारी कागदावर?”

“लिहा ना काका. पण अंदाजाला पाया पाहिजे. हवेतला आकडा चालणार नाही,” कर-कार्यालयातली खिडकीवरची बाई म्हणाली.

लिफ्ट-मिस्त्रीने चष्मा कपाळावर चढवला. बायको जाऊन पाच-सहा महिने झाले होते. शरद ऋतूतल्या एका रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. आता तिचं शेवटचं करविवरण भरायचं होतं, आणि त्याला लागणारा पगाराचा वार्षिक दाखला काही येत नव्हता. येणार तरी कुठून? ती छत्र्यांच्या कारखान्यात शिलाई तपासायची. तो कारखाना हिवाळ्यात बंद पडला आणि मालक गाशा गुंडाळून निघून गेला. मिस्त्रीने पाठवलेली दोन्ही पत्रं ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत आली होती.

“ती पाकिटं जोडा,” बाई म्हणाली. “एखादी पगारपावती आहे?”

“एकच. वर्षाच्या सुरुवातीची.”

“झालं तर मग. त्यावरून महिन्याचा पगार आणि त्यातून कापलेला कर कळेल. जितके महिने काम केलं तितके धरा. पण मध्ये पगार वाढला का, बिनपगारी रजा झाली का, हे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कुणाला तरी विचारा. आणि अंदाज कसा काढला ते खाली लिहा.”

मिस्त्रीला हे काम मनापासून आवडलं. जन्मभर त्याने दुसरं केलं होतं काय? लिफ्ट कुठे कुरकुरते ते दिसत नाही. आवाजावरून मागे मागे जात दोष गाठायचा. एखाद्या आवाजाचं मूळ सापडलं नाही की त्याला जेवण गोड लागत नसे. “तुमचे कान लिफ्टला विकलेत. घरातलं काही ऐकू येत नाही,” असं बायको म्हणायची.

दुसऱ्या दिवशी तो भोंग्याकडे गेला. भोंगा म्हणजे बायकोच्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई. शिलाईयंत्रांच्या खडखडाटावरूनही तिचा आवाज पार फाटकापर्यंत जायचा, म्हणून कारखान्याने तिचं असं बारसं केलं होतं.

“या दाजी, या!” तिने जिन्यातच स्वागत केलं. अख्ख्या इमारतीला पाहुणा आल्याचं कळलं.

पगार वाढला नव्हता. वाढवायला मालकाची दानत लागते, ती जन्मतःच नव्हती, वगैरे भोंग्याने सविस्तर सांगितलं. मिस्त्री मान डोलावत राहिला.

“म्हणजे सरळ गुणाकार करायचा,” तो उठता उठता म्हणाला.

“हो. गुरुवार तेवढे वजा केलेत ना?”

“कसले गुरुवार?”

भोंगा गप्प झाली. तिला गप्प झालेलं मिस्त्री पहिल्यांदाच पाहत होता.

“अहो, ती… उन्हाळ्यापासून गुरुवारी दुपारी अर्धी रजा घ्यायची ना. बिनपगारी.”

“आणि जायची कुठे?”

“मला शपथ घातली होती हो तिने.”

मिस्त्री पुन्हा खुर्चीत बसला. गुरुवारीही ती रोजच्या वेळेलाच घरी यायची. “दवाखान्यात जायची का? छातीत दुखत होतं तिच्या? माझ्यापासून लपवलं तिने?”

“छे, छे! काहीतरीच काय!” भोंग्याचा आवाज परत आला, पण लगेच खाली उतरला. “आता शपथेला काय अर्थ आहे म्हणा. पोहायला शिकत होती ती. तलावाजवळच्या सार्वजनिक स्नानगृहात पोहण्याचं कुंड आहे ना, तिथे.”

“पोहायला? या वयात?”

“हे बघा! म्हणूनच नाही सांगितलं. म्हणायची, ह्यांना कळलं की काठावर येऊन उभे राहतील आणि सूचना देतील. सायकल शिकवताना दिल्या होत्यात म्हणे. गुडघा असा ठेव, मान तशी ठेव… पुन्हा सायकलला हात लावला का तिने?”

नव्हता लावला. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. मिस्त्री ती कधीच विसरून गेला होता.

घरी जाताना त्याला एकेक उमगत गेलं. गुरुवारी रात्री ती दुप्पट जेवायची. तिच्या केसांना उग्र वास यायचा, तो छत्रीच्या कापडाचा असं समजून तो पाठ फिरवून झोपायचा. शेकडो लिफ्टची दुखणी कानाने ओळखणारा माणूस!

गुरुवारी दुपारी तो स्नानगृहात गेला. कुंडात सात-आठ बायका काठाला धरून पाय आपटत होत्या. शिकवणारी बाई तरुण होती, गळ्यात शिट्टी. मिस्त्रीने आपण कोण ते सांगितलं, तशी ती ओला हात पुसत जवळ बसली.

“त्या येईनाशा झाल्या तेव्हा वाटलं, कंटाळल्या असतील. मला ठाऊकच नव्हतं हो.”

त्याने विचारलं, “काठ सोडला होता तिने?”

“सोडायला फार दिवस घेतले. सगळ्यांत भित्र्या त्याच. पण एकदा सोडला आणि थेट मधोमध गेल्या. तिथे उताण्या होऊन छताकडे पाहत पडून राहिल्या. मी शिट्टी वाजवतेय, बाकीच्या हाका मारतायत, पण ढिम्म! बाहेर आल्यावर म्हणतात कशा, कान पाण्याखाली होते, काहीच ऐकू आलं नाही, फार छान वाटलं.”

मिस्त्री हसला. कुंडातल्या एका बाईचा गुडघा साफ चुकीचा वाकत होता. तो पाहत राहिला, पण काही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात कागद घेऊन तो खिडकीवर गेला. बाईने आकड्यांवरून पेन्सिल फिरवली.

“काका, उन्हाळ्यानंतरचा पगार कमी धरलात? मग कापलेला करही कमी धरावा लागेल, आणि कराचे दर टप्प्याटप्प्याने असतात ना, पगार थोडा घटला तरी तो जरा जास्तच उतरतो. तुम्हाला मिळणारा परतावा घटेल. कारखाना बंद, कागद नाही. सगळे महिने पूर्ण पगार लिहिला असतात, तर ताडून बघायला तरी काय होतं?”

“त्या दुपारी ती कामावर नव्हती. नव्हती म्हणजे नव्हती.”

बाईने त्याच्याकडे पाहिलं, आणि खालचा रकाना हलक्या आवाजात वाचला: “‘मालकाचा पत्ता लागत नाही. अंदाज जुन्या पगारपावतीवरून व सहकारी बाईंच्या सांगण्यावरून. उन्हाळ्यापासून दर गुरुवारी अर्धा दिवस बिनपगारी रजा वजा केली आहे. कारण, त्या वेळी कर्मचारी पोहायला जात असे.’”

मागच्या रांगेतलं कुणीतरी खोकलं. बाईने शिक्का उचलला, तो तसाच हातात धरून विचारलं, “काकूंना पोहता यायचं?”

“यायचं,” मिस्त्री म्हणाला.