रोमचं पाणी

"बाई, एक इचारू का?"

मागच्या दारातून मराठी आवाज आला तसा अख्खा वर्ग वळला. दारात पाना घेऊन नामदेव जगदाळे उभे होते, आमच्या चंदीगडच्या कॉलेजचे पंप ऑपरेटर. व्हरांड्यातला वॉटर कूलर दुरुस्त करता करता त्यांनी माझं रोमच्या पतनावरचं व्याख्यान ऐकलं होतं. फौजेतली सतरा वर्षं आणि चंदीगडमधली बावीस, एवढ्यात हिंदी त्यांना पक्की कळत होती. प्रश्न मात्र कोरेगावच्याच भाषेत सुचायचे.

मी मान हलवली.

"राजाला ४७६ साली काढला म्हन्ता. त्या दिवशी पानी आलं हुतं का?"

वर्गाला काही कळलं नाही. मी मात्र चिडले. रोमच्या पतनाची पाच कारणं मी वीस वर्षं शिकवत होते, आणि पाणी त्यांत नव्हतं. तरी खरं ते सांगावं लागलं. आलं होतं. डोंगरातलं पाणी दगडी कालव्यांतून शहराच्या हौदांत पडतच होतं. ते तुटलं साठेक वर्षांनी, गॉथ टोळ्यांनी वेढा घातला तेव्हा. पुढे काही कालवे दुरुस्तही झाले, पण ते सांभाळणारी जाणती माणसं कमी होत गेली आणि एके काळचं दहा लाखांचं शहर काही हजारांवर आलं.

"मंग तारीख चुकली, बाई. राजा गेला तवा न्हाई, पानीवाला गेला तवा रोम पडलं."

एवढं बोलून ते निघून गेले. पंपवाल्याने मला माझाच विषय शिकवावा, याचा राग मला दोन दिवस पुरला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं की जगदाळे मेअखेर निवृत्त होणार आणि त्यांची जागा भरायची नाही. टाकीला मोटर आपोआप चालू-बंद करणारा सेन्सर बसणार होता. त्यांच्या निवृत्तीच्या कागदावर 'कार्यभार कोणाकडे' या रकान्यात नुसती रेघ होती. बावीस वर्षांत जमिनीखालचे पाइप कितीदा वळवले गेले, त्याचा नकाशा फक्त त्यांच्या डोक्यात होता. मी प्राचार्यांकडे जाऊन भांडले. त्यांनी मला चहा पाजला.

तशीच तणतणत पंप हाउसमध्ये गेले, तर जगदाळे शिडीवर चढून भिंत रंगवत होते. सगळे पाइप निळ्या रेघांनी काढलेले, प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर. कुठला आधी, किती फेरे, हे सगळं हिंदीत लिहिलेलं. त्याखालच्या पंजाबी ओळी कॉलेजच्या माळीबुवांकडून लिहून घेतलेल्या.

"मानूस देत न्हाईत तर न्हाई," ते म्हणाले. "भित तर हाय."

मी म्हटलं, खाली नाव घाला तुमचं.

"रोमच्या पानीवाल्याचं नाव ठावं हाय का तुमास्नी?"

"पाणीखात्याच्या साहेबाचं माहीत आहे. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचं नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या."

पुढल्या मे महिन्यात, ऐन परीक्षेत, सेन्सर जळाला. पारा चव्वेचाळिसावर आणि हॉस्टेलच्या तीनशे मुली सकाळपासून रिकाम्या बादल्या घेऊन बसलेल्या. कंत्राटदाराचा मेकॅनिक इंडस्ट्रियल एरियातून आला. त्याने यापूर्वी आमचं कॉलेज पाहिलंही नव्हतं. मीच त्याला पंप हाउस उघडून दिलं. तो भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग एकेक ओळ बोटाने वाचत त्याने मोटर हाताने सुरू केली, तीन नंबर अर्धा फेरा, सात नंबर पूर्ण. पाइप गुरगुरला आणि हॉस्टेलकडून मुलींचा कल्ला ऐकू आला.

"ये किसने लिखा है जी?" त्याने विचारलं.

"जगदाळे. नामदेव जगदाळे, कोरेगाव, जिल्हा सातारा," मी जरा मोठ्यानेच सांगितलं.

तिथूनच त्यांना फोन लावला. सेन्सर जळाल्याचं सांगितलं. भिंतीचं सांगणार, तेवढ्यात त्यांनीच मध्ये विचारलं.

"पानी आलं का?"

"आलं, नामदेवराव."

"मंग झालं," म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.