घुबडाची खुर्ची

शाळेच्या ग्रंथपाल बाईंचं सकाळपासून कशातच लक्ष लागत नव्हतं. मुलांनी वाचलेली पुस्तकं नोंदवावीत, त्यांवर दोन शब्द लिहावेत, म्हणून त्यांनी सगळ्यांना एका वेबसाइटवर खाती उघडून दिली होती. पण पोरं ढिम्म! शेवटी वैतागून बाईंनीच ‘घुबड’ नावाचं खोटं खातं काढलं आणि मुलांच्या आवडत्या पुस्तकांवर तिरकस शेरे मारायला सुरुवात केली. पोरं चवताळून उत्तरं देऊ लागली. वर्गात तोंडही न उघडणारी एक मुलगी तर घुबडाशी रोज कडाकडा भांडायची. काल तिने लिहिलं होतं, ‘तू आपल्याच शाळेत आहेस ना? उद्या मधल्या सुट्टीत ग्रंथालयात ये. एरवी माझं कुणाशीच जमत नाही.’

आपणच घातलेला घोळ, आता निस्तरा!

सुट्टीची घंटा झाली. मुलगी आली, शेजारच्या खुर्चीवर पुस्तक ठेवून दाराकडे बघत बसली. बाईंनी आवरलेलंच कपाट पुन्हा आवरलं. सांगून टाकावं एकदाचं! त्या तिच्यापाशी गेल्या आणि खुर्ची ओढली.

“बाई, तिथे नका ना बसू,” मुलगी म्हणाली. “ती जागा मी धरलीय.”