शेवाळ ते शेवाळच!

पॅकिंगच्या खोलीत सगळे तिला घाईताई म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. समुद्री शेवाळाची पूड पाकिटांत भरायची, लेबलं चिकटवायची, खोकी बांधायची, या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आज मात्र तिचा जीव खालीवर होत होता. टेम्पो दारात उभा, तीनशे पाकिटं तयार, आणि तपासणीच्या बाई सही करायला तयार नाहीत!

"बाई, करा की सही. तो ड्रायव्हर माझ्या नावानं शंख करतोय."

"लेबल चुकीचं आहे," बाई म्हणाल्या. "'रोज एक चमचा' हे जुन्या, लाल शेवाळासाठी होतं. हा माल तपकिरी शेवाळाचा. तुम्हाला रंग वेगळा दिसला नाही?"

दिसला होता. आठवड्यापूर्वी पहिलं पोतं उघडलं तेव्हाच दिसला होता. पण जुन्या लेबलांचा गठ्ठा पडून होता, आणि नवी छापायची म्हणजे चार दिवस मोडणार. कोण थांबतंय!

"दिसला. पण शेवाळ ते शेवाळच!"

"हो का? मग पालकही पान आणि तंबाखूही पानच. कराल भाजी?"

लेबलं लावणाऱ्या बायका फिस्सकन हसल्या. घाईताईचा पारा चढला. "शेवाळात किती गुण आहेत ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत. खनिजं काय, आयोडीन काय! चांगली गोष्ट जरा जास्त पोटात गेली तर बिघडलं कुठं?"

"गुण आहेतच, मी कुठं नाही म्हणते? पण गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागतं ते कणभर. या मालात ते कितीतरी पट जास्त निघालंय. रोज चमचाभर घेतलं तर तीच ग्रंथी बिघडायची. गरोदर बाई असेल, तर पोटातल्या बाळालाही धोका."

घाईताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या लेकीला सातवा महिना होता, आणि त्या पहिल्या पोत्यातलं पाकीट तिनं स्वतःच्या हातानं लेकीला नेऊन दिलं होतं.

तिनं तिथूनच फोन लावला. "अगं, ती पूड किती घेतेस?"

"दोन चमचे. नैसर्गिकच तर आहे, तूच म्हणालीस ना, आई?"

"बंद कर! आणि पाकीट घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा!"

पुढचे दोन तास ती स्टुलावर बसून राहिली. फोन वाजला तेव्हा तिला तो उचलवेना, बाईंनीच उचलून तिच्या कानाला लावला. बाळाचे ठोके व्यवस्थित होते. रक्त तपासायला दिलं होतं, पुढं लक्ष ठेवावं लागणार होतं, पण पूड वेळेवर थांबली, असं डॉक्टर म्हणाले. घाईताई सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली.

एवढ्यात मालक आत आले; झाला प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. "सगळं ठीक आहे ना? मग भरा टेम्पो. कुणाला कळतंय!"

"मला कळतंय," घाईताई उठून म्हणाली. "माझ्या लेकीला फोन करायला मी होते. पहिल्या पोत्यातली चाळीस पाकिटं तपासणीआधीच लोकांच्या घरी गेलीत. त्यांना कोण करणार?"

मालक काहीबाही पुटपुटले. पण तिनं टेम्पो रिकामा परत पाठवला, गिऱ्हाइकांची यादी काढली आणि पहिला नंबर फिरवला. पलीकडचे आजोबा भडकलेच. "पाकिटावर तर तुम्हीच लिहिलंय, रोज एक चमचा!"

"हो आजोबा," ती म्हणाली, "चूक आमचीच आहे. माझीच आहे."

वाचकहो, भाजी घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, आणि पाकिटावर 'नैसर्गिक' दिसलं की तोंड शिवून घेतो! समुद्रात गुणकारी शेवाळ आहे, यात शंका नाही. पण ते कोणतं, किती घ्यायचं आणि कुणी घेऊच नये, हे विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. आणि विकणाऱ्यांनो, जे आपल्या लेकीला देताना हात थरथरेल, ते दुसऱ्याच्या लेकीलाही देऊ नका.