बाराव्या ओळीवरची टिकली

पोलादपूरच्या धर्मादाय दवाखान्यातलं जुनं, युनिक्स प्रणालीवर चालणारं संगणकाचं यंत्र त्या आठवड्यात अखेरचे आचके देत होतं. अकरा वाड्यांवरच्या लेकरांना कुठली लस दिली, कुठली राहिली, याची सगळी नोंद त्याच्यात होती. कागदी रजिस्टरं कधीच पावसाच्या ओलीने गेली होती. शनिवारी सकाळी येसूबाई परिचारिका लसींचा डबा घेऊन वर धनगरवाड्यांकडे निघायची होती, आणि तिला यादी हवी होती.

नोंदी सरिताने फ्लॉपीवर उतरवून घेतल्या होत्या. पण नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम दवाखान्यात आलेल्या नव्या पीसीवर चालेना. तो प्रोग्रॅम सरितानेच लग्नाआधी दवाखान्यासाठी लिहिलेला. पडद्यावर इथे नाव लिही, तिथलं पूस, ही कामं तो युनिक्सच्या एका लायब्ररीकडून, म्हणजे तयार कोडच्या संचाकडून, करून घ्यायचा, आणि नव्या पीसीच्या डॉस प्रणालीला त्या लायब्ररीची भाषाच कळत नव्हती. सरिताच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने त्या लायब्ररीचा मूळ कोड, कुणालाही मोफत मिळणारा, टपालाने धाडला. आता तो डॉसवर उभा करायचा. तेवढं जमलं की प्रोग्रॅमला हात लावायची गरज नव्हती.

सरिता पहिल्या बाळंतपणाला महाडला माहेरी आलेली. छकुली चार महिन्यांची. रोज दुपारी तिला पोटाशी घेऊन ती पोलादपूरची एसटी धरायची.

"लोकं माहेरी येऊन पाय पसरतात," आई डबा भरताना म्हणायची, "आणि आमची लेक पोरीला घेऊन गाडीत धक्के खाते. ते यंत्र काय तुझं सासर लागतं?"

"सासर बरं गं. ते निदान चहा विचारतं."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत येसूबाईने आपल्या जुन्या लुगड्याची झोळी बांधून दिली होती. छकुली झोपली की सरिताचे हात कळफलकावर. ती उठली की एक हात झोळीच्या दोरीला. प्यायला घेतलं की एकाच हाताने टंकणं. त्या वेळी सरिता मुद्दाम छोटे शब्द असलेल्या ओळी निवडायची. खाली बघितलं तर पोरीची मूठ पदरात रुतलेली, कानाच्या पाळीवर दुधाचा थेंब. मग दोन-चार मिनिटं काहीच लिहून व्हायचं नाही.

ती लायब्ररी सरिताला आवडायची. पडद्याचं एक चित्र ती आपल्या मनात धरून ठेवायची, आणि जेवढं बदललं तेवढ्यालाच हात लावायची. सगळी जमीन उकरायची नाही, पोपडा निघाला तेवढीच जागा सारवायची.

शुक्रवारी चारच्या सुमाराला नव्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत यादी उमटली. चौकट, गाव, नावं, शेवटी डोस "दिला" नाहीतर मोकळी जागा. फक्त चौकटीची वरची रेघ दिसत नव्हती. पीसीबरोबरचा मॉनिटर कुणीतरी वापरून दिलेला होता, चित्र वर सरकलं असेल, म्हणून सरिताने मागचं बटण पिळून ते खाली ओढायचा प्रयत्न केला. रेघ आली नाही. नसेना का, रेघेवाचून कुणाचं अडतंय?

"येसूमावशी, या. झालं!"

येसूबाई हात पुसत आली. सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं एकेक करून लावायची. म्हणून तिने जुन्या पडद्याच्या काचेवर बाराव्या ओळीला लाल टिकली चिकटवली होती. ज्या लेकराची पाळी, त्याचं नाव कायम तिथेच यायचं. टिकलीवरचं नाव आणि पुढची खूण वाचायची, वहीत उतरवायची, की झालं. आता तिने नव्या काचेवर बोटाने वरून बारा ओळी मोजल्या, कपाळाची टिकली काढली आणि चिकटवली.

"लाव बरं जानूला गोवराची. परवाच टोचलीय मी. रडला नाय, उलट मलाच शिवी दिली मेल्याने."

सरिताने जानूचं पान काढलं, कळ दाबली. "दिला" उमटलं.

येसूबाई वाकली. पुन्हा वाकली.

"गो सरिता, टिकलीवर गणू हाय."

"जानूच असणार. नीट बघा."

"माझी टिकली खोटं बोलत नाय. जानू वरच्या ओळीत गेला, नि त्याची खूण गणूच्या म्होरं. गणूला तर टोचलीच नाय अजून. ह्याच्यावरनं वही उतरवली असती तर जानूला दोनदा टोचली असती, नि गणू ऱ्हायला असता."

 सरिताने फाइल उघडून पाहिली. आतली नोंद बिनचूक होती, जानूचीच. खोटं होतं ते बाहेरचं चित्र. आणि येसूबाई बाहेरचंच वाचून डोंगर चढणार होती.

"राहू दे गो," येसूबाई म्हणाली. "जेवढं आठवतंय तेवढं करीन मी."

"अकरा वाड्या आठवतील?"

येसूबाई बोटांवर वाड्या मोजू लागली, पाचव्या बोटाशी थांबली.

छकुली उठली. सरिता तिला मांडीवर घेऊन पाजत पडद्याकडे बघत बसली. सगळी यादी एक ओळ वर सरकलेली. म्हणजे वरची रेघ काचेआड लपली नव्हती, ती पडद्यावरून ढकलली गेली होती. कुणी ढकलली? यादी नीट उमटते, चौकट उमटते, अगदी शेवटी उजवीकडचा खालचा कोपरा... तिने पोरीला खांद्यावर टाकलं. जुना पडदा कोपरा भरला तरी गप्प बसायचा. इथे त्या कोपऱ्यातल्या शेवटच्या घरात अक्षर पडलं की डॉसला वाटायचं पान भरलं, आणि तो सगळं एक ओळ वर ढकलायचा. बिचारी लायब्ररी मात्र मनातलं जुनं चित्र खरं धरून बाराव्या ओळीतच खूण करायची.

छकुलीने खांद्यावर ढेकर दिला. सरिताने एका हाताने लायब्ररीत एकच अट लिहिली: शेवटचं घर मोकळं सोडायचं.

यंत्राने पुन्हा सगळं बांधून घेईपर्यंत दोघी पडद्यासमोर उभ्या होत्या. वरची रेघ आली. टिकलीवर जानू, पुढे "दिला". खाली गणू, पुढे मोकळं. सरिताचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. अकराच्या अकरा वाड्या, एकेक लेकरू, येसूबाईकडून वाचून घेतलं आणि प्रत्येक नाव आतल्या फाइलशी ताडून पाहिलं. शेवटची एसटी जवळ आली तेव्हा कुठे ती उठली.

"सगळं ब्येस," येसूबाई वही मिटत म्हणाली. "पन चौकटीचा खालचा कोपरा उघडाच ऱ्हायला की गो."

"राहू दे तो तसाच, मावशी. बुजवला की गणू राहतो."

येसूबाईने काचेवरच्या टिकलीवर अंगठा दाबून ती पक्की बसवली. मग पिशवीतून दोन नव्या टिकल्या काढल्या, एक आधी छकुलीच्या कपाळाला लावली, आणि दुसरी आपल्या.