परवानगीची गरज नाही

"पण साहेब, त्यांनीच पहिल्या पानावर छापलंय. हा धडा कुणीही घ्या, आपल्या भाषेत करा, बदला, वाटा. फक्त आमचं नाव राहू द्या. परवानगीची गरज नाही."

"बरोबर आहे, मयेकर," पलीकडून विद्यापीठाच्या विभागीय कार्यालयातल्या भोगटे साहेबांचा शांत आवाज आला. "मग परवानगीची गरज नाही, असं त्यांच्याकडून लेखी येऊ द्या. तुम्ही पत्र पाठवलंयच ना?"

"छापलंय ते लेखीच झालं ना, साहेब?"

"ते सगळ्यांना उद्देशून आहे. आपल्याला उद्देशून नाही."

रामचंद्र मयेकरांना रिसीव्हर आपटावासा वाटला. पण फोन शाळेचा होता आणि समोर हेडमास्तर पेपर वाचत बसले होते. त्यांनी तो अलगद जागेवर ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात येऊन उगाचच रुमालाने चष्मा पुसला. आयुष्यभर त्यांनी राग असाच चष्म्यावर काढला होता.

मालवणच्या एका शाळेत ते इंग्रजी शिकवत. शिवाय रविवारी त्याच शाळेत एका दूरशिक्षण विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र चालत असे, त्याचे ते संयोजक. संयोजक म्हणजे वर्ग झाडून घेण्यापासून परीक्षेचे गठ्ठे एसटीत चढवण्यापर्यंत सगळं. तारकर्लीच्या लॉजवरचे वेटर, होडीवरचे खलाशी, मासळी बाजारातल्या बायका असे ज्यांना शाळेने कधीच सोडून दिलं होतं, ते इथे येत. यातला सगळ्यात नवा वर्ग होता मासळी प्रक्रियेचा. मासळी सुकवायची कशी, टिकवायची कशी, बांधायची कशी, याचं प्रमाणपत्र. कल्पना उत्तम. ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला नमस्कार. पण पुस्तक मात्र निघालं नव्हतं. पहिल्या वर्षी परीक्षा झाल्यावर पुढच्या आठवड्यात थोडी पानं आली, वरातीमागून घोडं. ती पानं बर्फाच्या कारखान्याविषयी होती. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २००८ साली, तेवढंही नाही. लिहिणाऱ्या गृहस्थांनी लिहून दिलं नाही आणि न लिहिणाऱ्या गृहस्थांना कुणी विचारलं नाही.

"सर, पुस्तक इला?"

दर रविवारी वर्गाच्या दारात पहिला प्रश्न तुळसा तांडेलचा. ही दांड्यावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, मासळी सुकवणारी बाई, पन्नाशीच्या आतबाहेरची, सातवी पास. पहिल्या वर्षी ती लेखी पेपरात नापास झाली होती. तिची नोंदणी डिसेंबरच्या परीक्षेपर्यंतच होती. त्यानंतर ती संपणार आणि पुन्हा नोंदणी नाही, असा नियम. तिच्या बचत गटाला बंदरावर मासळी सुकवायची पक्की जागा मिळायची होती, पण गटातल्या एका तरी बाईकडे प्रमाणपत्र हवं होतं. बाकीच्या बायकांनी तुळसाला पुढे ढकललं होतं, कारण तिला वाचता येत होतं.

"येतला गो," मयेकर म्हणत. "मी तोंडी सांगतंय ता नीट ऐक."

"ऐकलेला घराकडे जायसर इसारतंय, सर. वाचलेला ऱ्हवता. राती परत वाचूक मिळता ना."

तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून गणपतीच्या आधी एका दुपारी ते शाळेच्या संगणकाच्या खोलीत जाऊन बसले आणि एका बोटाने इंग्रजीत टंकलं: मासळी, सुकवणे, बायका, धडा. बऱ्याच वेळाने पान उघडलं. पूर्व आफ्रिकेतल्या एका दूरशिक्षण विद्यापीठाने तिथल्या मोठ्या तळ्याकाठच्या बायकांसाठी लिहिलेला संपूर्ण धडा होता, चित्रांसकट. एका फोटोत कमरेला रंगीत कापड गुंडाळलेली बाई बांबूच्या उंच मांडवावर ताणलेल्या जाळीवर बारीक मासळी उलटीसुलटी करत होती. नेसणं सोडलं तर फोटो दांड्यावरचा म्हणून खपला असता. फक्त आपल्याकडे मांडव नव्हता. आपली मासळी वाळूत, आणि वाळू मग गिऱ्हाइकाच्या दातात.

मयेकरांना झालेला आनंद सांगून कळायचा नाही. परक्या मुलखातल्या कुणी मास्तराने आपलं पुस्तक उघड्यावर ठेवून म्हटलं होतं, घ्या. चतुर्थीची सगळी सुट्टी त्यांनी भाषांतरात घालवली. आरतीला घंटा वाजवायला बोलावलं तरी जागचे उठले नाहीत. तिकडच्या तळ्याचा त्यांनी समुद्र केला, तिकडच्या मासळीचे पेडवे केले. बदला म्हणून लिहिलेलंच होतं.

सगळं झालं. झेरॉक्स काढून वाटायचं तेवढं राहिलं. आणि इथे त्यांनी घोळ घातला, अगदी मालवणी माणसानेच घालावा असा.

"तेंका इचारलास?" जेवायला वाढताना पद्मावतीबाईंनी विचारलं.

"इचारूची गरज नाय म्हणान लिवलाहा."

"लिवला तरी काय झाला? कुणाचा असा घेतत?"

मयेकरांचा घास हातातच राहिला. बायको म्हणत होती ते त्यांच्याही हाडात होतं. या गावात शेजारच्या परड्यातली कढीलिंबाची डहाळी मोडायची तरी 'वयनी, थोडो पालो घेतंय गो' म्हणून हाक देतात. घरात कुणी नसलं तरी देतात. बंद दाराला सांगून मग पाला तोडतात. देवळात पाषाणाला पाकळ्या लावून कौल घेतल्याशिवाय घराचा कोनाडाही हलवत नाहीत. आणि आपण एवढा मोठा धडा सातासमुद्रापलीकडून उचलायचा, तो हाकही न देता?

त्यांनी तिकडच्या विद्यापीठाला सुंदर इंग्रजीत पत्र लिहिलं. आपला धडा घेत आहोत, अनुमती असावी. आणि शिस्तीचा माणूस म्हणून पत्राची एक प्रत विभागीय कार्यालयाला पाठवली, माहितीसाठी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. न विचारता वाटलं असतं तर विभागीय कार्यालयाला कळायलाही चार वर्षं गेली असती. आता तिथे फाईल उघडली. आठवड्याभरात भोगटे साहेबांचं पत्र आलं: आपण मूळ संस्थेकडे अनुमती मागितली आहे, अर्थात ती आवश्यक होती असे दिसते, सबब उत्तर येईपर्यंत सदर साहित्य वाटू नये वा वर्गात वापरू नये.

फोनवर जमेना, तेव्हा मयेकर एसटीने विभागीय कार्यालयात जाऊन धडकले. भोगटे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, धडा चाळला, फोटोवर थांबले.

"आफ्रिकेचं आहे होय? अहो, लंडनचं वगैरे काही मिळालं नाही?"

"लंडनमध्ये पेडवे उन्हात सुकत नाहीत, साहेब."

"तसं नव्हे. पण फुकट देतायत म्हणजे जरा शंका येते. दर्जाचं काय? आपल्या समितीने तपासायला नको?"

"समिती कधी बसेल?"

"समिती नेमायचीय अजून."

"साहेब, परीक्षा डिसेंबरात आहे. एका बाईचा शेवटचा प्रयत्न आहे. आपलं पुस्तक तुम्ही देत नाही, दुसऱ्याचं देऊ देत नाही. तिने वाचायचं काय?"

भोगटे साहेबांनी चहाची बशी थोडी बाजूला सरकवली. "मयेकर, मनाला लावून घेऊ नका. पण परस्पर वाटलंत आणि वरून विचारणा झाली, तर केंद्राची मान्यता जाईल. मग तुमचे बाकीचे विद्यार्थी कुठे जाणार? त्यांचाही विचार करा."

परतीच्या एसटीत मयेकरांनी त्यांचाच विचार केला. वेटरांचा केला, खलाशांचा केला, त्यांच्या चालू असलेल्या वर्षांचा केला. एकीसाठी सगळ्यांचं केंद्र पणाला लावायचं की नाही, हे त्यांना कणकवली गेली तरी ठरवता आलं नाही, आणि मालवण येईपर्यंत ते न ठरवताच ठरलं. स्वतःच्या पैशाने काढलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. हा माणूस जन्मात कधी रांग मोडून पुढे गेला नव्हता. आता जायला हवं होतं, आणि पाय उचलला नाही. त्यांना भोगट्यांपेक्षा स्वतःचीच चीड जास्त आली.

रविवारी तुळसा दारातच उभी होती.

"सर, पुस्तक इला म्हणतत. कपाटात आसा म्हणतत."

"कोण म्हणता?"

"शिपाई."

मयेकरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"माका नुसता बघूक तरी देवा. हयच बसान वाचतंय. घराकडे नेवचंय नाय."

"नाय गो. वरसून बंदी आसा. तिकडसून पत्र येवंदे, पयला पुस्तक तुका."

"खंयसून?"

"आफ्रिकेसून."

तुळसाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मयेकरांना वाटलं ती हसेल. ती हसली नाही. आत जाऊन बाकावर बसली आणि त्यांनी तोंडी सांगितलेलं ऐकत राहिली, मध्येच ओठ हलवत, जणू प्रत्येक वाक्य गाठ मारून ठेवत होती. त्या दिवशी मयेकरांनी वर्ग लवकर सोडला. त्यांना पुढे शिकवता येईना.

डिसेंबर आला. परीक्षा झाली. तुळसा पेपर देऊन बाहेर आली ती सरळ नळावर गेली, तोंड धुतलं, मग त्यांच्यापाशी आली.

"कसो गेलो?"

"जाळयेच्या मांडवार सुकवल्यान काय काय फायदे होतत, ता इचारलेला. तुमी सांगितलेलास. वाळू लागना नाय, तितकाच माका आठावला. फुडचा कायच येयना." पदराने हात पुसत ती म्हणाली, "सर, ता पुस्तकात होता?"

"होता."

"मगे बरा," ती म्हणाली आणि गेली. काय बरं, ते मयेकरांना कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

निकाल लागला. तुळसा थोडक्या गुणांनी नापास झाली. नोंदणी संपली. बंदरावरची जागा दुसऱ्या गटाला मिळाली, कारण तिथे कुणाची तरी सून प्रमाणपत्रवाली निघाली.

आणि मार्चमध्ये शाळेच्या संगणकावर आफ्रिकेहून उत्तर आलं. नीमा नावाच्या कुणा बाईंचं होतं, धडा त्यांनीच लिहिला होता. मयेकरांचं पत्र भलत्याच विभागात पडून राहिल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली होती. पुढे लिहिलं होतं: तुम्ही विचारायची खरंच गरज नव्हती, तेवढ्यासाठीच आम्ही पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. पण विचारलंत, बरं वाटलं. तुमच्या बायकांनी त्यात काय भर घातली ते कळवा, आम्हीही शिकू.

मयेकरांनी ते छापून विभागीय कार्यालयाला पाठवलं. भोगटे साहेबांचं उत्तर उलट टपाली आलं. साहित्य वितरित करण्यास हरकत नाही. समिती नाही, शंका नाही, दर्जा नाही. कागदाला कागद भेटला आणि विषय मिटला. मयेकरांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांना कुणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या, आणि शिव्या द्यायला समोर एकही माणूस नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी कपाट उघडलं. गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक घेऊन ते मासळी बाजारात गेले. तुळसा पाटीवर सुके बांगडे लावत होती. शेजारच्या बायका माना वर करून बघू लागल्या. मास्तर बाजारात मासळीशिवाय दुसऱ्या कशाला आले, हे त्यांनी ओळखलं असावं.

"पुस्तक इला गो," ते म्हणाले. पुढे काय म्हणायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण ते आता आठवेना.

तुळसा उठली. बादलीतल्या पाण्याने हात धुतले, वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतले. लुगड्याला कोरडे केले आणि मग पुस्तक घेतलं. पानं उलटता उलटता फोटोवर आली.

"ही बायल खंयची?"

"तिकडचीच. आफ्रिकेची."

"मांडव बरो घातल्यान हा," ती म्हणाली आणि फोटो शेजारणीला दाखवला. शेजारणीने मान हलवली.

मग तिने पुस्तक उलटं करून मयेकरांपुढे धरलं. मुखपृष्ठाच्या आत त्यांनी सगळ्यांसाठी दोन ओळी आखून घेतल्या होत्या, एक नावाची, एक नोंदणी क्रमांकाची.

"माजा नाव घाला, सर. तुमचा अक्षर बरा."

मयेकरांनी पेन काढलं. पाटीच्या कडेवर पुस्तक टेकवून सावकाश लिहिलं: तुळसा गणपत तांडेल. मग पेन खालच्या ओळीवर आलं आणि तिथेच अडलं.

"थंय रिकामा ऱ्हवांदे," तुळसा म्हणाली.

तिने पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, शाई वाळेपर्यंत थोडा वेळ वाऱ्यावर उघडं धरलं, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बाजूला ठेवलं.