माळावरचा हूम

"मेंढरं राखतो म्हनून कशाला सांगितलंस रं त्यास्नी?" मायाक्का माळाच्या वाटेवर पुन्हा तेच म्हणाली.

"मग काय, कलेक्टर हाय म्हनू?" सिदूने पुढची मेंढरं वळवली.

सकाळीच नातेपुत्याचे पाहुणे घर बघून गेले होते. मुलीच्या मामाने चहा अर्धाच प्याला, दारातल्या कोकरांकडे बघत नाकाला रुमाल लावला आणि "कळवतो" म्हणाला. कळवतो म्हणणारे कळवत नसतात, हे मायाक्काला आता पाठ झालं होतं. सिदूने तिशी कधीच ओलांडली होती. पोरगा निर्व्यसनी, कामाला वाघ. पण मेंढपाळाला पोरगी द्यायला आता मेंढपाळही तयार नव्हते. बिरोबाला नवस बोलून बोलून तिची जीभ झिजली.

"पुन्यात वाचमन झाला असतास, तर पोरींची रांग लागली असती."

"तितं गेट राखायचं, हितं मेंढरं. राखनं त्येच की, आये."

मायाक्काने मागे राहिलेलं कोकरू पुढे हाकललं.

भादव्यातला माळ गुडघाभर गवताने भरला होता. मेंढरं पांगली आणि एकाएकी माळाच्या पोटातून आवाज आला. हूम. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हाक मारावी तसा. मायाक्का जागीच थांबली.

"बस खाली," ती कुजबुजली. "हूम हाय त्यो. माळढोक. नवी नवरी हुते तवा तुझ्या आजीनं दावला हुता. तवा लई हुते."

टेकाडावर माणसाच्या कमरेएवढं पाखरू उभं होतं. गळ्याची पांढरी पिशवी फुगून पायांपर्यंत लोंबत होती, शेपटी पाठीवर उलटली होती. सावकाश, मानाने पावलं टाकत ते गोल फिरत होतं. मायाक्काच्या अंगावर काटा आला. जन्मभर ती ह्याच माळावर मेंढरांची शेपटं बघत फिरली होती आणि देव देवळात शोधत होती. मामा, त्याचा रुमाल, सगळं मनातून गळून गेलं.

"कुनासाठी नाचतोय?" सिदूने विचारलं.

"मादीसाठी."

"कुटं हाय मादी?"

तिने सगळा माळ नजरेने विंचरला. गवत, मेंढरं, लांबवर विजेच्या तारा.

"न्हाय रं. फारेस्टवालेबी हुडकत्यात म्हनं. कुटंच न्हाय."

पाहुण्यांसाठी घातलेला इस्त्रीचा शर्ट अजून सिदूच्या अंगातच होता. त्याच्याकडे बघायचा तिला धीर होईना.

पाखराने पुन्हा साद घातली. मायाक्काने हात जोडून कपाळ मातीला टेकवलं.

"काय मागितलंस?"

"ह्येला एक जोडीदारीन मिळू दे म्हनलं."

"आन् मला?"

मायाक्का त्याच्याकडे बघतच राहिली. "तुझं इसरलेच की रं."

सिदू हसला. सकाळपासून पहिल्यांदाच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मायाक्कानेही तोंडात पदर कोंबला. टेकाडावरून पुन्हा हूम घुमला, तशी दोघं हसू आवरून कान देऊन बसली. उत्तर कुठूनच आलं नाही. मेंढरं तेवढी चरत राहिली.